भेगेवरची बांगडी

एक सूप घ्या. खरं नसलं तरी चालेल, मनातल्या मनात घ्या. त्यात ओंजळभर नाचणी ओता आणि मधोमध ढीग होऊ द्या. आता सुपाची एक बाजू उचला, अगदी हळू, झोपलेल्या मांजराला जाग येऊ नये इतकी हळू. नाचणी हलत नाही. अजून जरा उचला. एखादा दाणा निसटतो, घरंगळत थोडा खाली जातो आणि थांबतो. तुम्ही म्हणता, काही होत नाही. म्हणून आणखी बोटभर उचलता, आणि सळसळ करत अख्खा ढीग खाली येतो.

आता सुपाच्या जागी डोंगर ठेवा. नाचणीच्या जागी तांबडी माती, मुरूम आणि मातीत अर्धेमुर्धे रुतलेले म्हशीएवढे धोंडे. हे सूप कुणाला उचलावं लागत नाही, ते पहिल्यापासून तिरकंच आहे. एरवी माती डोंगराला धरून बसलेली असते. झाडांची मुळं तिला हात देतात. पण पाणी मुरत गेलं की माती जड होते आणि दाण्यादाण्यांमधली पकड ढिली पडते. मग सूप जिथल्या तिथं असूनही ढीग निसटायला बघतो.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी धारवाडी आहे. बत्तीस घरांची वाडी. वर काळ्या कातळाचा कडा, कड्याखाली तांबड्या मातीचा उतार, उतारावर पाण्याची टाकी, आणि टाकीच्या बरोब्बर खाली दोन खोल्यांची शाळा. शाळेत एकोणीस मुलं. त्यांतली एक क्रांती, पाचवीतली.

क्रांतीचे आईवडील खंडाळ्याला कारखान्यात कामाला होते आणि पंधरवड्याला एकदा येत. ती आजी-आजोबांजवळ राहायची. आजोबा, म्हणजे हंबीरराव, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. वाडीत त्यांना सगळे सुभेदारच म्हणायचे, क्रांती आबा म्हणायची. फौज सुटून वीस वर्षं झाली होती, पण आबांच्या अंगातून ती गेली नव्हती. पहाटे पाचला दाढी, सहाला चहा, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधी रिपोर्ट.

रिपोर्ट क्रांतीनं द्यायचा. रोज सकाळी शाळेआधी उतारावर जाऊन टाकी भरली की नाही ते बघायचं काम तिच्याकडं होतं. त्यासाठी आबांनी तिला एक निळी वही दिली होती आणि एकच नियम शिकवला होता.

"जे बघितलं ते लिहायचं. वाटलं ते न्हाई लिहायचं. आन् बघितलेलं एक बी ठेवून द्यायचं न्हाई. समजलं, शिपाई?"

"व्हय, आबा."

"फौजेत व्हय आबा म्हंत्यात?"

"व्हय, साहेब!"

शाळेच्या मागं उतार अडवून धरणारी एक जुनी ताल होती. ताल म्हणजे नुसते दगडावर दगड रचून केलेली भिंत. मधे चुना नाही, सिमेंट नाही. पावसाळ्यात दगडांच्या फटींतून पाणी झिरपायचं, अंगणात चिखल व्हायचा, मुलांच्या चपला रुतायच्या. एका कोपऱ्यात तर छोटी धारच पडायची. मुलं तिथं पाय धुवायची.

आबांना तो चिखल बघवायचा नाही. मागच्या वर्षी मे महिन्यात त्यांनी चार माणसं जमवली आणि अख्ख्या तालीला सिमेंटचा गिलावा केला. एक फट शिल्लक ठेवली नाही. मग खालून गेरू, वरून चुना, आणि मधून हातभर रुंदीचा पांढरा पट्टा, छावणीतल्या भिंतीला असतो तसा. पट्टा सरळ यावा म्हणून आबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. आठ दिवस उन्हात उभं राहून स्वतःच्या हातानं रंगवला. तालुक्यातल्या सुंदर शाळांमध्ये धारवाडीचा दुसरा नंबर आला. भिंतीपुढं उभ्या राहिलेल्या आबांचा फोटो पेपरात छापून आला. तो कापून क्रांतीच्या आजीनं, मनुबाईनं, देव्हाऱ्याशेजारी लावला.

गिलावा चालला होता तेव्हा मनुबाई एकदाच बोलली होती. "आवं, मामंजी म्हनायचे, तालीला घाम फुटला पायजे. तुमी तर तिचा घामच बंद केला."

"आमच्या बापूंच्या टायमाला सिमेंट हुतं कुठं?" आबा हसले होते.

त्या पावसाळ्यात अंगण कोरडं राहिलं. कोपऱ्यातली धार थांबली. सगळे खूश झाले. ते पाणी गेलं कुठं, असं कुणी विचारलं नाही.

ही गोष्ट त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली आहे. जुलै संपत आला होता, आणि अकरा दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती.

सोमवारी सकाळी क्रांती टाकीकडं गेली. टाकी भरलेली होती. पण टाकीपुढच्या सिमेंटच्या ओट्यावर तिला आडवी भेग दिसली. तिनं करंगळी घातली. करंगळी आत गेली. तिनं वहीत लिहिलं : टाकी भरली. ओट्याला भेग. माझी करंगळी जाते.

संध्याकाळी तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा आबा एकटे नव्हते. नागपंचमी जवळ आली की कुंडलहून बांगडीवाले महंमदचाचा यायचे. या वर्षीही ते आले होते, खांद्यावर पेटी घेऊन, गुडघ्यापर्यंत भिजून. पस्तीस वर्षं ते आबांच्या सोप्यात मुक्काम करत आणि आसपासच्या वाड्यांतून फिरत. या वेळी ते पोचले आणि मागोमाग ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला. आता पाणी उतरेपर्यंत त्यांना परतायची वाट नव्हती.

"एवढा पाऊस आमच्या कुंडलच्या डोंगराला दोन सालात पडायचा न्हाई," ते चहाची बशी फुंकत म्हणाले.

"घिऊन जा की थोडा," आबा म्हणाले. मग क्रांतीकडं वळले. "ती भेग जुनी आसंल. त्या कंत्राटदारानं सिमेंटापरीस वाळूच जास्ती घातली हुती."

"पर आबा, परवा न्हवती."

"परवा तू बघितलीस का?"

क्रांतीनं आठवून बघितलं. परवा तिनं टाकीत डोकावून बघितलं होतं. ओट्याकडं बघितलंच नव्हतं.

महंमदचाचांनी बशी खाली ठेवली. "बेटी, भेग जुनी का नवी ते सोड. ती चालतीया का थांबलीया, एवढंच इचार. आमच्या घराच्या भिंतीला भेग पडली हुती, तवा गवंड्यानं तिच्यावर काचेची पट्टी डकवली. म्हनला, काच ताणत न्हाई. भेग केसाएवढी जरी सरकली तरी ही तुटंल." त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. आत लाल, पिवळ्या, मोरपंखी बांगड्या ओळीनं चमकत होत्या. त्यांतली एक साधी हिरवी उचलून त्यांनी क्रांतीच्या हातावर ठेवली. "ही घे. काचच हाय."

नळाची गळती बुजवायला आणलेली, मळून लावायची पुटी घरात होती. ती लावली की तासाभरात दगडासारखी घट्ट होते. क्रांती पोतं डोक्यावर घेऊन वर गेली. बांगडी भेगेवर आडवी ठेवून तिनं अलीकडं एक गोळा आणि पलीकडं एक गोळा दाबला.

मंगळवारी सकाळी बांगडीचे दोन तुकडे झाले होते.

"आजी, बांगडी फुटली!" ती ओरडत घरात आली.

"गप गं! सनाच्या तोंडावर फुटली म्हनू न्हाई. वाढवली म्हनावं."

"मी न्हाई वाढवली. डोंगरानं वाढवली."

आबांनी ऐकलं आणि मान हलवली. "दगडाबाईची म्हस तिकडंच मोकळी फिरती. पाय दिला आसंल."

क्रांतीला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. म्हशीनं पाय दिला नाही, हे तिनं कुठं बघितलं होतं? संध्याकाळी तिनं दुसरी बांगडी चिकटवली, तिच्यावर घमेलं पालथं घातलं आणि घमेल्यावर दगड ठेवला.

त्याच दुपारी शाळेत आणखी एक गोष्ट झाली होती. पावसाची सर जरा ओसरली तेवढ्यात मुलं अंगणात उतरली आणि शेजारच्या साईराजनं चेंडू मारला तो भिंतीवर आपटला. चेंडू आणायला क्रांती भिंतीच्या कडेला गेली आणि तिची नजर सहज पांढऱ्या पट्ट्यावरून पलीकडच्या टोकाला गेली. पट्टा सरळ नव्हता. मधोमध तो बाहेर आला होता, पोटभर जेवलेल्या माणसाच्या सदऱ्यासारखा. तिनं भिंतीला हात लावला. गिलावा वरच्या पावसानं भिजला होता, पण आतून एक थेंब झिरपत नव्हता. अकरा दिवसांच्या पावसात एकही नाही.

आजीचं बोलणं तिला आठवलं. पाणी इथून बाहेर यायचं ते थांबलं होतं. मग ते मागं साचत असणार, मातीत, वरपर्यंत. भिंतीला ते ढकलत असणार, म्हणून हे पोट. आणि खालची माती जरा जरा पुढं सरकली की वरची तिच्यापासून सुटणार, म्हणून ती भेग. शाळेवरची जांभळाची झाडं बुंध्याशी कोयत्यासारखी वाकलेली का आहेत, तेही तिला कळलं. माती वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलानं उतरत होती, झाडांना खाली झुकवत होती, आणि झाडं पुन्हा पुन्हा आभाळाकडं वळत होती. म्हणजे डोंगर चालतच होता. आता त्यानं चाल वाढवली होती.

संध्याकाळी तिनं रिपोर्ट दिला. टाकीचा दिला, बांगडीचा दिला. पट्ट्याचा दिला नाही.

वही बंद करताना तिला देव्हाऱ्याशेजारचा फोटो दिसला. फोटोतले आबा छाती काढून उभे होते. फौजेतली पदकं त्यांनी ट्रंकेत ठेवली होती, पण या भिंतीबद्दल ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली.

बुधवारी सकाळी घमेलं आणि दगड जागच्या जागी होते. आत बांगडी तुटलेली होती. आणि आता भेगेत तिचं अंगठ्याशेजारचं बोट जात होतं.

या वेळी आबांनी ते उडवून लावलं नाही. विचार करून म्हणाले, "पुटी वाळताना आकसत आसंल. ती ओढती, म्हनून काच तुटती."

"मग कसं कळायचं?" क्रांतीनं विचारलं.

"दोन लावू. एक भेगेवर, एक भेग न्हाई तिथं. पुटी तीच, बांगडी तीच, पाऊस तोच. पुटीचा दोष आसंल तर दोन्ही तुटत्याल."

महंमदचाचांनी पेटीतून दोन बांगड्या काढल्या. "सुभेदार, माझा माल बायकांच्या हातापरीस डोंगराच्याच हातात जास्ती चाललाय."

बुधवारी संध्याकाळी आबा स्वतः काठी टेकत वर चढले. दोन्ही बांगड्या त्यांनी आपल्या हातानं चिकटवल्या, दोन्हींवर घमेली घातली. खाली उतरताना क्रांती त्यांच्या मागून चालत होती. बोलायला तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

गुरुवारी सकाळी दोघं मिळूनच वर गेले. भेग नव्हती तिथली बांगडी शाबूत होती, जशी पेटीतून काढली तशी. भेगेवरच्या बांगडीचे तीन तुकडे झाले होते आणि मधला तुकडा भेगेत पडून दिसेनासा झाला होता.

आबांनी पुटी खरवडून शाबूत बांगडी जपून खिशात ठेवली. मग खाली शाळेच्या पत्र्याकडं बघत हळूच म्हणाले, "चालतोय गं ह्यो. पर का? मामला काय हाय? एवढी वर्सं बसला हुता की निवांत."

शाळा भरायला दोन तास होते. एकोणीस मुलं त्या पत्र्याखाली बसणार होती, आणि शाळेलगत अकरा घरं होती.

"आबा, रिपोर्टात एक गोष्ट ऱ्हायलीया."

"कंची?"

"तुमचा पट्टा वाकडा झालाय. मंगळवारी बघितला मी. भिंतीला पोट आलंय. आन् भिंतीतनं एक थेंब बी येत न्हाई, आबा. पानी आतच हाय."

आबा उतरले, आणि सत्तरीतल्या माणसानं उतरू नये इतक्या भरभर उतरले. भिंतीच्या टोकाला, पण तिच्यापासून दूर उभं राहून त्यांनी एक डोळा मिटला आणि बंदुकीचा नेम धरावा तशी नजर पट्ट्यावरून पलीकडं नेली. दोरी लावून मारलेला पट्टा मधोमध वीतभर बाहेर आला होता.

क्षणभर क्रांतीला वाटलं, आबा एकदम म्हातारे झाले. मग त्यांनी खिशातून शिट्टी काढली.

पुढचे चार तास धारवाडीनं सुभेदार बघितला, आबा बघितला नाही. गुरुजींना सांगून शाळा बंद केली. तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. पूल बुडाल्यामुळं गाडी उद्याशिवाय येणार नव्हती, पण फोनवरच्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आधी माणसं हलवा. जनावरं हलवा. आणि त्या भिंतीसमोर कुणी उभं राहू नका." समोरच्या टेकाडावरच्या थोरल्या वाडीत हायस्कूल होतं, पक्क्या कातळावरचं. अकरा घरांनी तिकडं जायचं ठरलं.

दहा घरं निघाली. अकराव्या घरातली दगडाबाई उंबऱ्यात बसून राहिली. मांडीवर कोंबड्यांचं खुराडं आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"दोन काकणं तुटली म्हनून म्या घर सोडू? आन् तुमी वो सुभेदार, एवढ्या लढाया बघितल्या, आन् आता बांगड्या भरल्या व्हय?"

फौजी माणसाला याहून मोठा टोमणा नाही. आबांचे कान लाल झाले. पण ते उकिडवे बसले, दगडाबाईच्या डोळ्यांना डोळा भिडवला आणि म्हणाले, "व्हय, भरल्या की. तीन भरल्या. तिन्ही डोंगरानं तोडल्या. चौथी तोडायच्या आत ऊठ, माझे आई. कोंबड्या मी घेतो."

आणि त्यांनी खरंच खुराडं डोक्यावर घेतलं. सुभेदाराच्या डोक्यावर कोंबड्या बघून दगडाबाईला हसू आवरेना. हसत हसतच ती उठली.

माणसं पोचल्यावर आबांनी सहा जणांना मागं आणलं. उताराच्या कडेनं वर जाऊन त्यांनी टाकीचं पाणी सोडून दिलं. भेगेच्या वरच्या अंगाला, घट्ट जमिनीवर चर खोदला, म्हणजे वरचं पाणी बाजूच्या ओहोळाला लागेल. भेगेवर ताडपत्री अंथरली. एक जण सगळा वेळ फक्त उताराकडं बघत उभा होता, तोंडात शिट्टी धरून. मग आबा एकटे भिंतीच्या कडेला गेले. तिथं भिंत बुटकी होती आणि पाय मागं घ्यायला मोकळी जागा होती. हातातली पहार माणसापेक्षा लांब होती. त्यांनी बाजूला उभं राहून आपल्याच गेरूवर घाव घातला. एक. दोन. तिसऱ्याला गिलाव्याचा पोपडा उडाला आणि मनगटाएवढी लाल धार अंगणात जाऊन पडली. पहिल्यांदा चिखल, मग गढूळ, मग नुसतं पाणी.

त्यांनी दुसरं भोक पाडलं. तिसऱ्याला हात घालणार, एवढ्यात वरची शिट्टी वाजली. जांभळाची झाडं हलत होती, आणि वारा नव्हता. सगळे ठरल्याप्रमाणं आडव्या दिशेनं पळाले.

क्रांतीनं ते हायस्कूलच्या व्हरांड्यातून बघितलं. दुपारचे चार वाजले होते. पांढरा पट्टा मधोमध तुटला. भिंतीमागची तांबडी माती आधी फुगली, मग दाट पिठल्यासारखी पुढं आली, झाडं उभीच्या उभी घेऊन. एक मोठा धोंडा गडगडत येऊन शाळेच्या मागच्या भिंतीला धडकला. पाचवीच्या वर्गाची खिडकी आत गेली. माती वर्गात शिरली, बाकांपर्यंत चढली, आणि थांबली. पुढच्या घरांपर्यंत ती पोचली नाही.

मग साईराजनं बोटानं मोजलं. ओहोळाच्या पलीकडं सात माणसं उभी होती. सातही.

त्या संध्याकाळी आबांनी रिपोर्ट मागितला नाही. हायस्कूलच्या पायरीवर ते हात मांडीवर ठेवून बसले होते. नखांत गेरू होता. क्रांती वही घेऊन शेजारी बसली.

"रिपोर्ट, साहेब."

"कसला साहेब," आबा म्हणाले. "म्याच कोंडलं ते पानी. तुझ्या आजीनं सांगितलं हुतं. हसलो तिला."

क्रांती म्हणाली, "मी बी दोन दिवस उशिरा सांगितलं."

"का?"

"तुमाला वाईट वाटंल म्हनून."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात फार जड होता. "मला वाईट वाटलं, तर काय हुईल? एक डाव जेवन जायचं न्हाई. पर वर्गात तू असतीस तर?" मग ते म्हणाले, "माझं चुकलं तर सगळ्यात आधी तू सांगायचं. ही ऑर्डर हाय."

"व्हय, साहेब."

मागून महंमदचाचा म्हणाले, "आन् माझ्या चार बांगड्यांचं काय?"

"एक शाबूत हाय की," मनुबाई म्हणाली. "ती माझ्या हातात भरा."

पूल उघडल्यावर तालुक्याहून माणसं आली. त्यांतल्या एका जाणत्या साहेबांनी उतारावर फिरून सगळं बघितलं. ते म्हणाले, दोन भोकांनी दरड थांबली नसती. थोडं पाणी निघालं, टाकीचं वजन गेलं, कदाचित म्हणून ती घरांच्या अलीकडं थांबली असेल, कदाचित नसेलही. पण माणसं वाचली ती वेळेवर हलली म्हणून. त्यांनी निळी वही मागून घेतली आणि पानन् पान वाचलं.

हिवाळ्यात शाळा नव्या जागी, कातळावर उभी राहिली. जुन्या उतारावर वाडीनं वाळ्याची आणि बांबूची रोपं लावली. नवी ताल बांधली ती बापूंच्या पद्धतीनं, दगडावर दगड, मागं खडीचा थर, आणि खालच्या रांगेत पाणी जायला मुद्दाम ठेवलेली नऊ भोकं. रंग द्यायचा की नाही, हे आबांचं दोन दिवस ठरेना. तिसऱ्या दिवशी ते गेरू आणि चुना घेऊन एकटेच गेले. लोक बघतात तो काय, भिंत होती तशीच उघडी, आणि नऊ भोकांपैकी प्रत्येकाभोवती एक लाल कडं आणि एक पांढरं कडं.

"म्हंजी पुन्यांदा कुनी शहाना ही बुजवायचा न्हाई," आबा म्हणाले.

पुढच्या जुलैत महंमदचाचा पुन्हा आले. पेटी उघडून त्यांनी चमकीच्या मोरपंखी बांगड्या पुढं केल्या. "शिपाई, यंदा ह्या भरू?"

"आधी साधी हिरवी द्या, चाचा. मोरपंखी मग."

टाकी आता दुसरीकडं गेली होती, पण जुना ओटा उतारावर तसाच होता. क्रांतीनं हिरवी बांगडी तिथल्या भेगेवर चिकटवून ठेवली. रोज सकाळी ती बघून यायची. सात दिवस झाले, बांगडी शाबूत होती. आठव्या दिवशीही होती. खाली येताना ती तालीपुढून, पण जरा लांबून, भोकं मोजत चालली. पहिलं वाहत होतं. दुसरं वाहत होतं. आठ भोकांतून पाणी येत होतं. टोकाचं नववं कोरडं होतं.

पाऊस वाढत होता आणि घरी आजीनं गरम भाकरी टाकली होती. आठ वाहतात म्हणजे पुष्कळ झालं, असं वाटलं तिला. वही उघडून तिनं लिहिलं : बांगडी शाबूत. भोकं आठ वाहतात. नववं कोरडं. मग वही पोलक्यात खोचून ती पळत घरी गेली, आबांना हाताला धरून घेऊन आली, आणि आबा छत्री धरून वरच्या उतारावर नजर ठेवून उभे असताना बाजूला वाकून लांब बांबूची काडी नवव्या भोकात घालून फिरवू लागली. कुजलेली पानं निघाली, मग चिखलाचा गोळा निघाला. ती काडी फिरवतच राहिली, तिच्या पायांवर पाण्याची गार धार पडेपर्यंत.